दुपारचे अडीच, पहाटेचे दोन

पासष्टी ओलांडलेला एक गृहस्थ पहाटे तीन वाजता, पायांचा आवाज होऊ न देता, मुलाच्या स्वयंपाकघरात चहाचे भांडे शोधतो आहे, हे दृश्य अमेरिकेतल्या मराठी घरांना आता नवे राहिलेले नाही. पूर्वी उन्हाळ्यात आपल्याकडची मंडळी कोकणात जात, देशावर जात, फार झाले तर महाबळेश्वरला आठ दिवस राहून येत. आता ‘मुलाकडे’ किंवा ‘लेकीकडे’ जातात. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत. त्यांतल्या सहा घरांच्या चाव्या दर मे-जून महिन्यांत आमच्याकडे झाडांना पाणी घालण्यासाठी असतात. यंदा आमची चावी आम्ही शेजारी दिली.

मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर राहतो. घरात तो, सून आणि सात वर्षांची नात. आम्ही वीस दिवसांसाठी जाणार होतो. त्यांतले पहिले दहा दिवस त्याने रजा काढली होती. अमेरिकेत रजा ही किती मोलाची वस्तू आहे, हे तिथे मुलगा असलेल्या कुठल्याही आईबापांना सांगावे लागत नाही. त्याने महिनाभर आधी मला कार्यक्रमाचा तक्ता पाठवला. तारीख, ठिकाण, निघण्याची वेळ, जेवण, मुक्काम असे रकाने. चौतीस वर्षे बँकेत काढलेला मी मनुष्य. रकाने पाहून ऊर भरून आला. पोरगा बापावर गेला म्हणायचा! एवढ्या सुबक तक्त्यात आमच्या झोपेसाठी एकही रकाना नाही, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आले नाही.

आम्ही शुक्रवारी पहाटे चारला मुंबई सोडली. आखातात विमान बदलले, एकवीस-बावीस तास खुर्चीला बांधल्यासारखे बसलो आणि उतरलो तेव्हा तिथे शुक्रवारचीच दुपार होती, एक वाजून गेला होता. एका शुक्रवारात जवळजवळ दीड शुक्रवार मावला. उन्हाळ्यात मुंबई आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर असते. वरचा अर्धा तास बाजूला ठेवला तर अगदी उलटे घड्याळ. आपल्याकडे दुपारची पंगत उठते तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते. सौ. म्हणाली, “बरं झालं, अर्धा दिवस फुकट मिळाला.” मी बँकेतला असल्यामुळे मला ते फुकट वाटेना. असा मिळालेला वेळ कर्जाऊ असतो. परतीच्या प्रवासात तो पुरता वसूल होतो आणि व्याज शरीर भरते.

या व्याजाला जेट लॅग म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातला, जेट विमाने आल्यावरचा. त्याआधी माणसे बोटीने जात. बोटीवरचे घड्याळ थोडे थोडे करून मागे घेत आणि मुंबईचा माणूस विलायतेला पोचेपर्यंत शरीर आपसूक तिथल्या वेळेला लागलेले असे. विमानाने शरीराला ही सवलत ठेवली नाही.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची फुली जिथे होते तिच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते वेळ लावून घेते. शिवाय यकृत, आतडी, स्नायू यांची आपापली छोटी घड्याळे असतात आणि ती जेवणाखाण्याच्या वेळांवरूनही चालतात. पेशींच्या आत हे घड्याळ कसे टिकटिकते, ते फळमाशांवर अभ्यास करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. गंमत अशी, की परदेशी गेल्यावर ही सगळी घड्याळे एकदम फिरत नाहीत. मोठे घड्याळ उजेड पाहून सरकू लागते, तर पोटाचे घड्याळ अजून डोंबिवलीत वरणभाताची वाट पाहत बसलेले असते. म्हणून रात्री दोन वाजता कडकडून भूक लागते आणि दुपारी समोर ठेवलेले ताट नकोसे होते.

साधारण हिशेब असा सांगतात, की एका तासाच्या फरकाला एक दिवस धरावा. म्हणजे साडेबारा तासांना जवळजवळ तेरा दिवस. वीस दिवसांच्या सहलीत तेरा दिवस नुसते रुळायला! त्यातही वयाचा भाग वेगळा. १९३८ साली नॅथॅनियल क्लाइटमन हा झोपेचा अभ्यासक आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत बत्तीस दिवस राहिला. तिथे सूर्य दिसत नव्हता. चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहायचा, असा तो प्रयोग. विशीतल्या विद्यार्थ्याचे शरीर आठवडाभरात त्या नव्या दिवसाला सरावले. त्रेचाळीस वर्षांच्या गुरुजींचे शेवटपर्यंत सरावले नाही. त्रेचाळिशीत ही गत, तर सहासष्टाव्या वर्षी माझ्याकडून काय अपेक्षा करावी? मी चौतीस वर्षे ७.४२ची लोकल पकडली आहे. निवृत्तीनंतरही पहाटे पाच दहाला डोळे उघडतात. असे पक्के मुरलेले घड्याळ साडेबारा तास फिरवायचे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक एका रात्रीत बदलण्यासारखे आहे.

आता तक्त्याप्रमाणे काय झाले ते सांगतो. शनिवारी गोल्डन गेट पूल. १९३७ साली खुला झालेला, दोन मनोऱ्यांमधला गाळा ४,२०० फुटांचा, रंग शेंदरी. धुके इतके, की मनोऱ्यांची डोकी दिसत नव्हती. तेवढ्यात मीही दिसेनासा झालो, म्हणजे गाडीत जाऊन झोपलो. फोटोत सौ.चे डोळे मिटलेले आहेत आणि मी नाहीच. रविवारी योसेमिटी. पहाटे निघून चार तासांवर. सौ.ची रक्तदाबाची सकाळची गोळी डोंबिवलीच्या सकाळी घ्यायची की कॅलिफोर्नियाच्या, यावर आमचा वाद झाला आणि त्यात अर्धा तास गेला. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यायची ही गोष्ट. आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. मुलाचा चेहरा तेव्हाच थोडा उतरला होता.

योसेमिटीत टनेल व्ह्यू म्हणून एक जागा आहे. बोगद्यातून बाहेर आले की सगळी दरी एकदम समोर उभी राहते. डावीकडे एल कॅपिटन हा तीन हजार फुटांचा ग्रॅनाइटचा सरळसोट कडा, उजवीकडे वाऱ्याने हलणारा ब्राइडलव्हेल धबधबा, मागे अर्धा कापलेला हाफ डोम. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने सही करून ही दरी सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवली. मुलाने हे सगळे वाचून ठेवले होते. गाडी थांबवून, मागे वळून तो उत्साहाने म्हणाला, “बाबा, आता बघा!” त्यावेळी दुपारचे दोन वाजले होते. म्हणजे डोंबिवलीत रात्रीचे अडीच. बाबा आणि आई, दोघेही माना टाकून घोरत होते.

सुनेने आम्हाला हलवून उठवले. आम्ही खाली उतरलो, पाहिले, “वा, वा” म्हणालो. पण त्या “वा, वा”मध्ये जीव नव्हता आणि ते मुलाला कळले. परतताना तो एवढेच बोलला, “बाबा, किती झोपता तुम्ही? मी एवढी रजा काढलीय.” आवाज चढलेला नव्हता. तरी ते लागले. म्हातारपणी मुलाच्या घरी आपण ओझे झालो आहोत की काय, ही शंका आमच्या वयाच्या माणसाच्या मनात नेहमी दाराआडच उभी असते. ती दार लोटून आत आली. मी बोललो नाही. घरी येईपर्यंत गाडीत कोणीच बोलले नाही.

त्या रात्री दोनला जाग आली. सौ. आधीच टक्क जागी. पोटात कावळे ओरडत होते. तिने सोबत नेलेले पोहे काढले. घर सगळे लाकडी, जिन्याची पायरी करकरते, म्हणून आम्ही चोरपावलांनी खाली उतरलो. मी कांदा चिरला. तिने तेल तापवले, मोहरी, हिंग आणि वरून तीन हिरव्या मिरच्या टाकल्या. आपल्या घरी फोडणी बसली की शेजारी विचारतात, आज काय बेत? तिथे छतावरचा स्मोक अलार्म विचारतो! अंगावर काटा येईल अशी कर्कश किंकाळी सुरू झाली. मी वर्तमानपत्राने वारा घालतो आहे, सौ. खिडकी उघडायला बघते आहे, ती उघडत नाही. तेवढ्यात जिन्यावरून मुलगा धावत खाली आला.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पांढराफटक. छताकडे त्याचे लक्ष नव्हते, शेगडीकडेही नव्हते. हातात मोबाइल घट्ट धरलेला आणि नजर त्याच्या पडद्यावर. “काय झालं? कोणाला काय झालं?” असे तो दोनदा म्हणाला. आम्ही दोघेही त्याच्यासमोर धडधाकट उभे आहोत, हे त्याच्या डोक्यात शिरायला काही क्षण लागले. मग त्याने खुर्चीवर चढून अलार्म बंद केला आणि तिथेच, ओट्याला टेकून उभा राहिला.

“मला वाटलं फोन वाजतोय,” तो म्हणाला. “तिकडून.”

मग ती गोष्ट निघाली. माझी आई एप्रिल २०२१मध्ये गेली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ते दिवस ज्यांच्या घरावरून गेले त्यांना वेगळे वर्णन करून सांगायला नको. तिच्यासाठी खाट आणि ऑक्सिजन मिळवायला मुलगा तिकडून दोन रात्री फोन करीत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ती गेली. तीनला मी त्याला फोन केला, पाच वेळा केला. त्याने उचलला नाही. त्याचा फोन आला तो संध्याकाळी सातला. तोवर सगळे आटोपले होते. आम्हा दोघांशिवाय कोणाला जवळ जाऊ दिले नव्हते. आजीचा चेहरा निदान फोनवर तरी त्याने पाहायला हवा होता, तिचा तो फार लाडका होता, असे माझ्या मनात त्या दिवशी आले. मी बोललो मात्र कधीच नाही. बँकेत दिवसाचा ताळा जुळला नाही, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून आम्ही त्या दिवसाचे काम बंद करीत असू. उद्या सापडेल, असे म्हणायचे. पण अशी नोंद पडून राहिली की जुनी होते, आणि कोणी उकरून काढीत नाही. मी तसेच केले होते.

त्या रात्री मुलाने सांगितले, की दोन रात्रींच्या जागरणाने डोळे मिटेनात, म्हणून त्याने तासाभरापुरता फोनचा आवाज बंद केला आणि त्याला गाढ झोप लागली. सकाळी साडेसहाला उठून पाहतो तो पाच मिस्ड कॉल. “तेव्हापासून मी रात्री फोन कधीच बंद करत नाही, बाबा. उशाशी असतो. रोज दोन-अडीचला जाग येतेच. तुमची तिकडे दुपार असते ना, सगळं ठीक आहे ना, बघतो आणि झोपतो. तुमचा जेट लॅग पंधरा दिवसांत जाईल. माझा जात नाही.”

मी काही बोलू शकलो नाही. कारण मला एक गोष्ट आठवली होती. निवृत्त झाल्यापासून माझा एक नेम आहे. दुपारचे जेवण झाले की पंख्याखाली आडवे व्हायचे आणि मित्रांनी पाठवलेले विनोद, सुविचार, सूर्योदयाची चित्रे पुढे ढकलायची. त्यातली निवडक मुलालाही. वेळ साधारण दुपारची अडीच. डोंबिवलीचे दुपारचे अडीच म्हणजे तिथे पहाटेचे दोन. इतकी वर्षे मी त्याच्या उशाशी रोज पहाटे दोनला घंटा वाजवीत होतो, आणि ती वाजली की त्याच्या काळजात काय होत असेल याचा मला पत्ता नव्हता. साडेबारा तासांचा फरक मला पाठ होता. चौतीस वर्षे आकडे सांभाळलेल्या माणसाने तो स्वतःच्या मुलाला लावून पाहिला नव्हता.

एवढ्यात नात डोळे चोळत जिन्यावर येऊन बसली. “आजोबा, आत्ता मॉर्निंग आहे की नाइट?” तिने विचारले. सौ. म्हणाली, “आत्ता पोहे आहेत.” मग सूनही उठून आली. पहाटे साडेतीन वाजता आम्ही पाच जण टेबलाभोवती बसून पोहे खात होतो. नातीला तो समारंभच वाटला. मुलगा त्याच्या आजीबद्दल बोलत होता, ती लोकरीच्या मोज्यांत पैसे लपवून ठेवी ते सांगून हसत होता. या घराला कुणी सहलीचे सर्वोत्तम ठिकाण कोणते असे विचारले, तर मी योसेमिटी सांगणार नाही, ते टेबल सांगेन.

सकाळी मुलाने तक्ता काढला आणि निम्मी नावे खोडली. पुढचे चार दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. सकाळच्या उन्हात तासभर चालायचे, जेवण तिथल्या वेळेला, दुपारी झोप अनावर झाली तर फार तर अर्धा तास, रात्री जाग आली तर आली. नात सहाला उठून आमच्यात सामील होई. तिला मी पाढे शिकवले, तिने मला तिच्या शाळेतले खेळ शिकवले. नवव्या दिवशी मुलानेच विचारले, “बाबा, पुन्हा योसेमिटी?” आम्ही गेलो. त्याच जागी उभे राहिलो. या खेपेस कड्यावरची ऊन-सावली सरकताना दिसली, धबधब्याचा आवाज ऐकू आला. मुलाने लिंकनची गोष्ट पुन्हा सांगितली आणि मी ती ऐकली.

वाचकांपैकी ज्यांची तिकिटे निघालेली असतील, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पहिले तीन-चार दिवस कोरे ठेवा. गोळ्यांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि तिकडच्या मुलांना सांगावेसे वाटते, की आईबाप झोपले तर झोपू द्या. त्यांना स्थळे दाखवण्याची तुमची घाई प्रेमापोटीच असते. पण पहिल्या तीन-चार पहाटे घरातले सगळे अवेळी जागे असतात, कोणाला कुठे जायचे नसते, फोन वाजत नाहीत. आपण त्या वाया गेल्या असे धरतो. माझा अनुभव वेगळा आहे. एरवी आठवड्याच्या फोनवर “बरं आहे ना?” “बरं आहे” यापलीकडे न जाणाऱ्या गोष्टी त्याच वेळी तोंडातून निघतात.

माझे आजोबा गिरगावात राहत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने आपली जुनी, ३९ मिनिटे मागे असलेली ‘बाँबे टाइम’ १९५५पर्यंत सोडली नव्हती. जवळजवळ पन्नास वर्षे हे शहर दोन घड्याळांवर चालले. आजोबा सांगत, की कोणी वेळ विचारली की आधी उलट विचारावे लागे, कुठली वेळ? मला लहानपणी त्याचे हसू येई. आज माझ्यासारखी कितीतरी घरे पुन्हा दोन घड्याळांवर चालली आहेत. फरक ३९ मिनिटांवरून साडेबारा तासांवर गेला एवढेच. बोलण्यापूर्वी ‘तुझ्याकडे किती वाजले?’ असे विचारण्याचा आजोबांच्या पिढीचा शिरस्ता आपण मात्र विसरलो.

परतताना रविवारी दुपारी निघालो आणि मंगळवारी सकाळी मुंबईत उतरलो. सोमवार विमानात कुठेतरी जमा झाला. घरी आल्यावर आठ-दहा दिवस मला रात्री दोनला जाग येत होती. त्यावेळी तिथे दुपारचा दीड, मुलाची जेवणाची सुटी. आम्ही रोज वीस मिनिटे बोललो. इतके सलग आम्ही त्याच्या कॉलेजच्या दिवसांनंतर बोललो नव्हतो. मग हळूहळू माझी झोप जागेवर आली आणि ती वेळ गेली. आता शनिवारी रात्री साडेनऊला फोन असतो, त्याची शनिवारची सकाळ नऊची.

दुपारचे विनोद मी बंद केले आहेत. मित्र विचारतात, रागावलास का? निघायच्या आदल्या दिवशी मुलाने त्याचा फोन माझ्यासमोर लावून घेतला. रात्री तो आता गप्प असतो, फक्त माझा नंबर आला तरच वाजतो. मी त्याला शब्द दिला आहे, की तसे कारण असल्याशिवाय त्या वेळी मी फोन करणार नाही आणि कारण असेल तर तो उचलेपर्यंत करीत राहीन. परवाच्या शनिवारी मी विचारले, रात्री जाग येते का? म्हणाला, “येते, पण आठवड्यातून दोनदाच.” त्याचे शरीरही रुळते आहे. त्याला पंधरा दिवसांहून जास्त लागतील.